दोन औषधं आणि आमचा नळ

आमच्या बिरवाडीत कुणी डबा न खाता परत आणला की मला कळतंच. परवा शेजारची स्नेहल तशीच आली. पोरगी औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये हाय.

"काय गो, काय झालं?"

"काकू, एकाच गोळीतली दोन औषधं वेगळी करून मोजायचीत. पण दोन्ही पाण्याची वेडी. वेगळी करायच्या नळीतून सोडली की पाण्याबरोबर एकदमच बाहेर पडतात. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मला कायम करणार नाहीत."

"आमच्या सुनांसारखंच की. नळाला पाणी भरपूर असलं की दोघी एकदम घरात. बारीक धार असली की थोरली आटपून येते, धाकटी तिथंच अडकते, तिला पाणी सोडवत नाय. तू पाणी कमी कर."

ती हसली, आणि हसता हसता वही काढून लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी धरून ठेवणारी वेगळी नळी लावली, पाणी नावापुरतंच ठेवून बाकी दुसरा द्रव सोडला. औषधं एकामागून एक आली.

शनिवारी पेढे घेऊन दारात. "कायम झाले, काकू. साहेब विचारतायत, आता तीन औषधांची गोळी आलीय, तिचं कसं करायचं?"

म्हटलं, "त्यांना सांग, मला सुना दोनच हायत."