खुंटीवरची खोळ

माहा जन्म नदीच्या त्या पारचा. नदी म्हनजे बावनथडी. तिकडे मध्यप्रदेश, इकडे आपला भंडारा जिल्हा, अन् मधात ही, उन्हाळ्यात लेकरंही पायी पार करतात एवढीशी. माहेर त्या काठाले, सासर या काठाले. समोरच्या अंगनातून आंबागडचा किल्ला दिसते अन् मागच्या दारी गेली की माहेरच्या विहारावरचा झेंडा. माह्या लग्नात बाबा सगळ्यायले सांगत होते, पोरगी परराज्यात देऊन राहिलो जी, अन् लोक हासत होते, कारन ते परराज्य आवाज देल्यावर ओ देते एवढ्या अंतरावर. माहं नाव देवांगना, पन आता ते कोनी घेत नाही, आशाबाईच म्हनतात.

गावात दवाखान्याची आशाताई नेमाची होती तवा आठवी पास सून पायजे होती, अन् तोंडाची खमकी. दोन्हीत मी पास. सासू म्हने, घरोघरी कोनाच्या तापाची विचारपूस करत फिरशील, घरच्या चुलीचं काय? मी म्हनलं, चूल कुठं पळून जाते का? पुढे तीच सासू गावभर सांगे, काही दुखलं तर माह्या सुनेले विचारा. अन् तिकडे माहेरी माह्या लहान्या भावाची बायको, सुमन, तिच्या मागं लागून लागून मी तिलेही आशा केली. आता ननद-भावजय दोन राज्यात एकच काम करून राहिल्या. भांडन होते आमचं, नाही असं नाही, पन फोन बंद होत नाही.

आता रोवन्याचं सांगतो, ते समजल्याशिवाय पुढचं कळनार नाही तुमाले. पाऊस लागला की पऱ्हे, म्हनजे धानाची रोपं, लावाले त्या पारून बायांच्या टोळ्या येतात. आमच्या गावात येते ती चैताबाईची टोळी. चैताबाई मुखिया, आवाज असा की धानाच्या बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याले ऐकू जाते. टोळी सगळा रोवना ठेक्यानं घेते, म्हनून ओळ भरलेली पायजे, हा त्याईचा कायदा. एखाद्या पोरीले बरं नसलं तर तिले नदीपार घरी धाडाचं अन् तिच्या जागेवर तिची बहीन, जाऊ, ननद, कोनीतरी येते. येताना कायले काही आनाचं? घरी गेलेलीचीच पावसाची खोळ डोक्यावर घेते, खताच्या बोरीची शिवलेली, अन् वाकते चिखलात. मालकाले काय, त्याले वाकलेल्या पाठी दिसतात. यात कोनाची लबाडी नाही बरं, पोरीची जागा घरातच राहावी म्हनून ही रीत.

पन काय होये पाहा. टोळी राहे गावाबाहेरच्या जुन्या गोदामाच्या पडवीत. मी तिथंही जावो, विचारो, ताप आहे का व कोनाले? नाही आशाबाई, कोनालेच नाही. अन् खरं होतं ते. ज्याईले ताप होता त्या तिथं नव्हत्याच. वरच्या दवाखान्यात मी सांगो, टोळी बरी आहे, अन् समाधानानं घरी येवो.

मग तो रोवना आला, सरिताचा. सरिता माह्या माहेरच्या गावची सून, मले आत्याबाई म्हने. पहिल्यांदाच पोटुशी होती. मी तिले ओरडो, वाकू नको एवढी, गोळ्या खात जा, ती हासे. तिच्या खोळीले लाल लुगड्याचं ठिगळ होतं, दुरून ओळखू ये. एक दिवस मी धुऱ्यावरून जाऊन राहिली होती, लाल ठिगळ दिसलं, मी आवाज देला, सरिते, गोळी खाल्ली का वं? खोळ वर झाली अन् आतून भलतंच तोंड निघालं. मी म्हनलं, तू कोन? म्हने, मी तिची ननद. सरिता कुठं? घरी. काहून? आंग गरम होतं जी.

मी तशीच चिखलात उतरली. चैताबाईले बाजूले घेतलं. ती आधी उडवाउडवी करे, मग एकेक सांगत गेली, तिच्या आधी फलानी गेली, तिच्या आधी ढेकानी. अन् ओळ तर भरलेली.

तिथूनच सुमनले फोन लावला. ती उलट माह्यावरच चढली, बाई, आमच्या गावात ताप घुसून राहिला, तुमच्याकडूनच येऊन राहिला. मी म्हनलं, आमच्याकडे तर कोनालेच नाही. असं म्हनलं अन् मलेच समजलं. म्हनजे पाहा जी, ताप धरे इकडे अन् दिसे तिकडे. त्याईचे साहेब म्हनत, हा महाराष्ट्राचा ताप. आमचे म्हनत, महाराष्ट्रात तर तापच नाही. दोघंही आपापल्या जागी खरे, अन् ताप नदीवरून मोकळा ये-जा करून राहिला.

सुमन पळत सरिताच्या घरी गेली. सासूनं भगताचा गंडा बांधला होता, पोरगी बडबडून राहिली होती. सुमननं बोटाचं रक्त घेऊन पट्टी लावली, मलेरिया निघाला, डोक्यात चढते तो वाला. त्याईचा मोठा दवाखाना दूर, अन् मधातल्या नाल्यावर पानी चढलेलं. आमचा दवाखाना नदीवरच्या पुलाच्या या बाजूनं जवळ. मी दवाखान्याची गाडी बोलावली तर डायव्हर पुलाच्या टोकाले थांबला, म्हने, बाई, इथून पुढं आमची हद्द नाही, माही नोकरी जाईल. त्याचंही काही चुकलं नाही. मग मी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईले फोन लावला. नवीनच आली होती, आवाजावरून वाटे कालेजातली पोरगी. ती म्हने, पेशंटले पुलावर आना, मी येऊन राहिली. अन् खरंच आली, सलाईन हातात घेऊन, पावसात.

तिकडून सुमन ट्रॅक्टरच्या ट्रालीत सरिताले घेऊन आली, वर ताडपत्री. मी पुलाच्या मधात उभी. तिचा हात धरला तर भाजला मले. घाबरली मी, खोटं कायले बोलू, पोटातलं लेकरूही डोळ्यासमोर आलं. तिची सासू ट्रालीचं फळकं धरून खाली उतरूच देईना. मले म्हने,

"बिमार सुनेले परराज्यात नेऊन राहिली. काही झालं तर मी कोनाले विचारू?"

मी म्हनलं, "मले विचार. तुह्याच गावची पोरगी आहे मी. पळून कुठं जाईन, तुह्या दारातून माहं मागचं दार दिसते."

तिनं माह्या तोंडाकडे पाहिलं. मग हात सोडला अन् स्वतःच आमच्या गाडीत चढून सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

वाचली पोरगी. लेकरूही वाचलं. डॉक्टरीनबाईनं तेवढ्यावर सोडलं नाही, त्या पारच्या डॉक्टरले फोन केला, अन् मग पडवीतल्या सगळ्यायचं, त्या गावातल्या सगळ्यायचं रक्त तपासलं, बरेच निघाले. फवारनी झाली, मच्छरदान्या आल्या. दोन्ही डॉक्टर पुलाजवळच्या टपरीवर चहा प्याले बसले, मधात आम्ही ननद-भावजय, अन् ठरलं की तापाचा मानूस नदीपार गेला की फोन त्याच्या आधी गेला पायजे. टोळी येताना पुलावरच तपासनी, जातानाही.

पन खोळीचं ठरवनं माहं. मी चैताबाईले म्हनलं, पोरगी बिमार होऊन घरी गेली की तिची खोळ पडवीतल्या खुंटीवर टांगाची. बदलीवालीनं आपली खोळ आनाची. चैताबाई भडकली, खोळ टांगलेली पाहून मालक म्हनेल टोळी बिमार आहे, दुसरी टोळी बोलावेल. बरोबर होतं तिचं. मग मी ग्रामसभेत उभी राहिली. म्हनलं, खोळ दिसली म्हनजे ताप सापडला, खोळ नाही दिसली तर तो तुमच्या घरात झोपलेला आहे, आता बोला टोळी हाकलाची का? मालकच म्हनले, टांगा. तवापासून टांगतात.

तुमी पाहुने म्हनता असं आता देशादेशात करून राहिले, एका देशाचा रोग दुसऱ्याले आधीच सांगाले पायजे म्हनतात. करा बापा, चांगलंच आहे. पन देशायले भावजय कुठून आनता?

अन् यंदाची गंमत ऐका. रोवना जोरात, मले कसकस लागली, मी गोळी खाऊन फिरून राहिली, आशाबाईनं घरी बसून कसं जमेल? पडवीत चैताबाईनं चहाचा कप देताना माहा हात धरून पाहिला. घरी पोचत नाही तर सुमनचा फोन. बाई, तुमचं आंग गरम आहे म्हनतात. मी म्हनलं, तुले कोनी सांगतलं? म्हने, इकडे सगळ्या गावाले माहीत आहे. मागोमाग सरिता दारात, कडेवर पोरगी, म्हने, आत्याबाई, मुकाट्यानं दवाखान्यात चला, बोट टोचून घ्या.

मलेरिया नव्हता जी, साधा ताप होता. पन मी पडवीत छत्री विसरली होती, ती चैताबाईनं खुंटीवर टांगून ठेवली. येनारा-जानारा पाहे अन् विचारे, आशाबाईले काय झालं? मले ते कळलं तवा रडू आलं, खरंच सांगतो, हासता हासता आलं. आता मी बरी आहे, पन छत्री काही भेटली नाही. चैताबाई म्हनते, तिकडून सुमननं हो म्हनल्याशिवाय देनार नाही. म्हनजे पाहा, माही छत्री खुंटीवरून काढाले परराज्याची परवानगी लागून राहिली. राहू द्या टांगलेली. तुमचं भलं होवो, तुमच्याही गावच्या खुंट्या रिकाम्या राहोत. जयभीम.