मालकीण कोण?

पालिकेच्या खिडकीपुढं प्लंबरबाई रांगेत उभी होती. नळदुरुस्तीचं कंत्राट यंदा बायकांच्या फर्मसाठी राखीव होतं. पुढचं जोडपं कुजबुजत होतं.

"खिडकीतल्या साहेबांनी विचारलं तर?"

"मालकीण मीच म्हणायचं."

"आणि काम कोण बघतं?"

"तेही मीच. पण अहो, अवजारांच्या यादीत लिहिलेला पाना म्हणजे काय हो?"

"कोण विचारतंय तुला! सही ठोक आणि चल."

शिक्का बसला, जोडपं निघालं. प्लंबरबाई पुढं सरकली.

"तुमचे मिस्टर कुठंयत?"

"त्यांचं इथं काय काम? वीस वर्षं नळ मी जोडतेय."

"सगळ्याजणी हेच सांगतात, बाई. मिस्टरांना घेऊन या."

तिनं पिशवीतला पाना काढून खिडकीत आपटला.

"आधी त्या मालकिणीला परत बोलवा, आणि हे काय आहे ते विचारा!"