इंजिनाचं थोडं काम आहे

…नाही, पण ‘थोडं’ म्हणजे किती? एकदा कुणीतरी मला नीट सांगा! चहात साखर थोडी म्हणजे अर्धा चमचा, दाढ थोडी दुखते म्हणजे अजून जेवता येतंय, इथवर माझं डोकं चालतं. पण इंजिनाचं ‘थोडं काम’ म्हणजे किती, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ती चिठ्ठी मला पाठ आहे हो, पलीकडच्या धक्क्यावरच्या दुकानात काचेला चिकटवलेली, अक्षर असं की शाळामास्तरानं मान डोलवावी: ‘निळी गाडी, सोळा वर्षांची, एकाच मालकाची. चारशे युरो. इंजिनाचं थोडं काम आहे. बाकी उत्तम.’ बाकी! अहो, गाडीतनं इंजिन वजा केल्यावर बाकी उरतं काय? चार खुर्च्या आणि एक आरसा!

आणि मला मेल्याला गाडी हवीच कशाला होती? तुम्हाला सांगतो, मी फेस्टी, वय एकाहत्तर, एकाहत्तरही वर्षं या बेटावर काढली, आयर्लंडातल्या मेयोच्या किनाऱ्यापासून बोटीनं पस्तीस मिनिटं, वारा उलटा असला तर देव जाणे. रस्ता एकच. धक्क्यापासून निघतो, चार किलोमीटर येतो, आमच्या फाटकाशी संपतो, पुढं समुद्र. एवढ्याशा रस्त्याला गाडी? आणि आमच्याकडं गाड्या येतात त्याही कसल्या, तर पलीकडं तपासणीत नापास झालेल्या, कारण तपासणीवाल्यांचं बेटावर राज्य नाही! कुणाचं दार दोरीनं बांधलेलं, कुणाला ब्रेकच नाही म्हणून उतार संपेपर्यंत हॉर्न वाजवत जायचं… गाड्या आमच्याकडं शेवटचे दिवस काढायलाच येतात. मी सगळ्यांना हसायचो. माझे पाय आहेत, म्हणायचो.

माझे होते हो. डीलियाचे राहिले नाहीत.

डीलिया म्हणजे माझी बायको. मूलबाळ नाही, आम्ही दोघंच. आणि या बाईचं आयुष्यातलं एक व्यसन, एकच, दुपारची बोट! बारा वाजता बोट धक्क्याला लागते, त्या वेळी डीलिया तिथं हजर, चाळीस वर्षं, पाऊस असो वारा असो. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी, कोण कुणाशी बोललं नाही… मग घरी येऊन मला सगळं सांगायचं, मी ‘हं हं’ करायचं, असा संसार. आणि ऑक्टोबरात तिचं हृदय बिघडलं. फाटकापर्यंत गेली की धाप. फाटकाच्या पुढं नाही. शेजारणी येऊन बातम्या सांगायच्या, तर ही तोंड वाकडं करून म्हणायची, “शिळ्या गं शिळ्या, दोन-दोन तास जुन्या!” एका शेजाऱ्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेतो म्हणून सांगितलं, तर म्हणाली, “मी काय बटाट्याचं पोतं आहे?” मग खिडकीत बसायची. खिडकीतनं दिसतं काय? गाढव! शेजाऱ्याचं गाढव आणि समुद्र! एक दिवस दुपारी बारा वाजता हातातलं विणकाम खाली ठेवून मला म्हणते, “फेस्टी, बोट लागली असेल रे आता.” एवढंच. आणि परत विणायला लागली.

मी त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडलो. खोटं कशाला बोलू?

डॉक्टर मंगळवारी येतो बेटावर. त्याला बाहेर गाठून विचारलं, खरं काय ते सांगा. तर मान खाली घालून म्हणतो, “तसं बाकी सगळं उत्तम आहे हो त्यांचं, हृदयाचं तेवढं…” मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही पूर्वी गाड्या विकायचात का? तो हसला नाही. “हा हिवाळा जाऊ दे,” म्हणाला, “मग बघू.” मग बघू! म्हणजे काय समजायचं ते मी समजलो, आणि कुणाला बोललो नाही, डीलियाला तर नाहीच.

तर, चिठ्ठी. सोमवारी फोन लावला. मालकाचं नाव मायल्स, आवाज एकदम सुरेख, शांत. मी म्हटलं, इंजिनाचं थोडं म्हणजे किती? तर म्हणतो, “अहो थोडंच. आत एक गॅस्केट गेलंय. तुम्ही गुरुवारी या, मी घरीच आहे.” आता मला सांगा, माणूस याहून स्पष्ट काय बोलणार?

गुरुवारी मी चांगला काळा कोट घातला, कारण फाटक्या कोटातल्या माणसाला भाव करता येत नाही, असं माझे वडील म्हणायचे. सकाळची बोट, पुढं टपालवाल्याच्या गाडीतनं अकरा किलोमीटर, आणि मायल्सच्या गल्लीत वळतो तो काय… गाड्याच गाड्या! दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस गाड्या, आणि घराच्या दारातून बाहेर रांग! म्हटलं, एवढं गिऱ्हाईक? चारशे युरोच्या गाडीला? म्हणजे गाडी खरोखरच उत्तम असली पाहिजे, आणि मूर्खा फेस्टी, तू तीन दिवस घरी चहा पीत बसला होतास! घुसलो की रांगेत. पुढं एक उंच गृहस्थ, त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, “माफ करा, पण माझा नंबर आधी आहे. माझं सोमवारीच त्याच्याशी बोलणं झालंय.” तर त्या माणसाचे डोळे भरून आले हो! “सोमवारी?” म्हणाला, “अरेरे… जा बाबा, जा पुढं.” आणि पुढच्यांना सांगतोय, “याला जाऊ द्या, हा सोमवारी बोललाय!” सगळ्यांनी वाट दिली. मी मनात म्हटलं, काय सभ्य लोक! थेट बैठकीच्या खोलीत पोचलो, आणि समोर शवपेटी.

मायल्स. मंगळवारी संध्याकाळी गेलेला, आमच्या रिवाजानं दोन दिवस दर्शनाला ठेवलेला. घरीच आहे म्हणाला होता, शब्दाचा पक्का माणूस, घरीच होता!

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? ‘चुकलो, मी गाडीसाठी आलोय’ म्हणून मागं फिरला असता? आमच्या मुलखात? अहो, मयताच्या घरात उंबरा ओलांडला की ओलांडला! भिंतीला ओळीनं अकरा नातेवाईक, अकराही हात हातात घेतले, “वाईट झालं हो, वाईट झालं हो” करत. शेवटी त्याची बायको, विनी. तिनं माझा हात सोडलाच नाही. “तुम्ही त्याचे कोण?” मी म्हटलं, “फोनवरचा.” ती म्हणाली, “त्याला माणसं फार.” आणि मला पेटीच्या उशाशी खुर्ची दिली, हातात चहा, मांडीवर हॅमचं सँडविच. मी त्याच्याकडं बघत बसलो. देवाशपथ सांगतो, मेलेल्या माणसापुढं बसून माझ्या डोक्यात काय, तर हा साडेतीनशेला मानला असता का? चेहऱ्यावरून वाटलं, नसता.

सँडविच संपवून उठणार, तेवढ्यात जपमाळ सुरू! आणि जपमाळ सुरू झाली की उठायचं नाही. पन्नास वेळा तीच प्रार्थना, आणि पन्नासही वेळा तिच्या शेवटी ‘आता आणि आमच्या मरणाच्या घटकेला’. मी लहानपणापासून म्हणतोय, जिभेला वळण आहे, कधी कानावर पडली नव्हती. त्या दिवशी पडली. प्रत्येक वेळी मला डीलिया दिसायची खिडकीत. विसाव्या-पंचविसाव्या वेळेनंतर माझ्या तोंडातून आवाजच फुटेना, आणि ते अकरा नातेवाईक एकमेकांना खुणावतायत, बघा, बिचारा किती जवळचा होता!

बाहेर अंगणात आलो. पुरुषमंडळी तिथंच होती, भिंतीला टेकून. आणि कोपऱ्यात ती गाडी, निळी. मी त्या उंच गृहस्थाला हळूच, अगदी कानात म्हटलं, “खरं सांगू का, मी गाडी बघायला आलो होतो.” मला वाटलं, आता हाणतो हा मला. तर तो मोठ्यांदा, “अरे पॅकी! याला गाडी बघायचीय!” आणि तुम्हाला सांगतो, त्या वीस माणसांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला! तीन तास अंगणात उभं राहून मेलेल्याविषयी चांगलं बोलायचं, सोपं आहे का हो? सगळे धावले! बॉनेट वर, काळे कोट वाकलेले, वीस टाळकी आत! “बेल्ट बदलायला हवा.” “बेल्टला काय धाड भरलीय, रेडिएटर बघ!” “माझ्या मेव्हणीची अश्शीच होती, गेली.” “मेव्हणी?” “गाडी! मेव्हणी आत चहा पितेय!” पॅकी म्हणजे तिथला मेकॅनिक. त्यानं तेलाचं झाकण उघडून मला दाखवलं, खाली दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर. “तेलात पाणी उतरलंय,” म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे थोडं काम? “थोडं?” म्हणाला, “चारशेची गाडी आणि हजाराचं काम!”

मी म्हटलं, झालं. नको. जातो. तर पॅकी हात पुसत म्हणतो, “थांबा हो. बेटावर चार किलोमीटर चालवायचीय ना? मग मी अशीच जुजबी करून देतो, उद्या सकाळी घेऊन जा, हिवाळाभर चालेल. नाहीतर इंजिन पूर्ण खोलतो, दोन आठवडे लागतील, मग दहा वर्षं बघायला नको. तुम्हीच सांगा. किती वर्षं हवीय?”

किती वर्षं हवीय.

साधा प्रश्न होता हो. कुठल्याही मेकॅनिकनं विचारावा असा. आणि मी त्या बॉनेटला धरून उभा. हिवाळाभर म्हणालो असतो तर शहाणपणाचं होतं, पैसे वाचत होते, गाडी उद्याच मिळत होती, डीलिया परवा धक्क्यावर. पण ते माझ्या तोंडानं म्हणायचं? हिवाळाभर पुरे, पुढं लागणार नाही, असं? वीस माणसांसमोर? एकट्यानंसुद्धा म्हणवलं नसतं मला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात विनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिला काय कळायचं ते कळलं. गाडीकडं बघून म्हणते, “थोडं काम आहे, असं लिहिलं होतं ना त्यानं? जन्मभर असाच बोलायचा. मंगळवारी छातीवर हात ठेवून बसला, मी म्हटलं डॉक्टरला बोलावते, तर म्हणतो, कशाला गं, थोडंसं दुखतंय.”

मी म्हटलं, “दहा. दहा वर्षं करून द्या.”

पॅकीनं बॉनेट खाली केलं. विनीनं चारशे घेतले आणि रिवाजाप्रमाणे वीसची नोट माझ्या मुठीत परत कोंबली, शकुनाची. बोट गाठली, आणि दोन आठवडे, तुम्हाला सांगतो, दोन आठवडे मी झोपलो नाही! रोज डीलिया खोकली की मी मनात पॅकीला शिव्या घालायचो, आणि त्याहून जास्त स्वतःला. गाढवा, उद्याच मिळत होती ना!

पण आली गाडी. मालाच्या बोटीतून आली, क्रेनला लोंबकळत उतरली, मी चालवत घरी आणली. इंजिन? लोणी! डीलियाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर शाल. म्हणाली, “आवाज चांगला आहे रे. किती चालेल?” मी म्हटलं, पॅकी म्हणतो, दहा वर्षं. तिनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं हो. डॉक्टरनं माझ्याआधी तिलाच सांगितलं होतं! आणि म्हणाली काय? “दहा वर्षं? याच रस्त्यावर? तुझ्या शेजारी बसून? देवा, मला लवकर ने रे बाबा!” आणि हसली, धाप लागेपर्यंत हसली, आणि मी पण.

सात आठवडे. रोज बारा वाजता, काच खाली, शाल गुडघ्यावर. “ती बघ, ती परत माहेरी आली वाटतं. त्याच्या हातात पिशवी कसली रे? हळू जा, हळू, दिसू दे जरा.” एक दिवस चुकला नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली. सकाळी गेली, बोटीच्या आधी.

आता लोक येतात आणि विचारतात, फेस्टी, विकतोस का? बेटावरची एकुलती एक गाडी जिचं इंजिन धडधाकट आहे! मी नाही म्हणतो. बाराला जातो, धक्क्यावर काच खाली करून बसतो, कोण आलं कोण गेलं बघतो, सांगायला घरी कुणी नसतं, तरी बघतो… तक्रार कुणाकडं करू? पॅकीकडं? तो तर शब्दाला जागला. मी दहा वर्षं मागितली, मला दहा वर्षं मिळाली. गाडीची मिळाली, एवढंच.