आईने चालवून पाहिलेली ग्राफिक्स कार्डं

आमच्या आईसारखी ड्रायव्हर अख्ख्या कर्जत-खालापुरात नाय, हे मी उगाच सांगत नाय. चौक गावच्या बाजाराला भाजीचा टेंपो तीच नेते.

मी आणि धाकटा भाऊ नितीन, दोघांनी गेममधलं चित्र झकास दिसावं म्हणून आपापल्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्डं घेतली. त्याचं स्वस्त, माझं जरा महाग. भारी कुठलं, यावर रोज भांडण. शेवटी आई वैतागली.

"सरका रं, मीच चालवून बघते."

गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, गेमचं स्टिअरिंग तिच्या हातात दिलं. माझ्या कार्डावर चित्र थोडं जास्त झकास दिसत होतं. पण आई दोन्ही कॉम्प्युटरवर पहिली आली, आम्हा दोघांची आजवरची सगळ्यात कमी वेळही मागं टाकून! माझी छाती अशी फुगली की भांडणच विसरलो.

आई उठली आणि मला म्हणाली, "जिंकायला दोन्ही सारखीच हायत. मग म्हागाचं कशाला घेतलंस रं?"