राखेनं घासलेली फळी

उमरेडच्या बसच्या रांगेत चारुलतेपुढं दोघी बायका बोलत होत्या.

“इंदूबाई, तुमच्या जुन्या चित्रफळीवरचा निळा रंग कुठं गेला वं?”

“संग्रहालयातले साहेब पाहायले येणार होते. चांगली दिसावी म्हणून राखेनं घासली.”

“मंग?”

“ते मटकन खाली बसले. म्हणे, सहाशे वर्षांआधी जैन चितारी काबूलपलीकडचा निळा दगड कुटून हा रंग बनवत. उंटावरून यायचा तो दगड.”

“अन् घासल्याचं पाणी?”

“मोरीत ओतलं.”

“लय रागावले असतील.”

“नाही वं. मोरीपाशी बसून गाळ चाचपून राहिले होते. मलेच रडू आलं.”

इंदूबाईनं हात पुढं केला. नखांत अजून निळं होतं. बस लागली, रांग सरकली, पण चारुलतेची नजर त्या निळ्या नखांवरून हटेना.