पाचव्या फाऊलनंतर

हिराबाई : मी मैदानात शिरले नाही, दामू. मी पंचांकडे चालले होते. मैदान मध्ये आले.

दामू : ते खरं हाय, बाई. पन काठी घेऊन गेल्यात तुमी. आनि खेळ चालू व्हता.

हिराबाई : काठी गेली तीन वर्षे माझ्याबरोबर सर्वत्र असते. पंचांना भिववण्यासाठी ती घेतलेली नव्हती. चहा घे, गार होतो आहे. आणि तुझ्या जीपमध्ये बसून कोण ओरडते आहे?

दामू : आपलीच मानसं. चौदा जन कोंबून आनलीत शाळेच्या मैदानावरनं. 'चोपन्न-एकोनतीस' बोलून बोलून घसे बसले, तरी गप नाय. नाक्यावरच्या फुलवाल्यानं उरलेले झेंडूचे हार जीपच्या बोनेटवर घातले. मी त्याला सांगितलं, पोरी जिंकल्या, माझी जीप नाय जिंकली.

हिराबाई : जीपला हार मिळाला. मुलींना काय मिळाले?

दामू : हेडसरांनी भजी सांगितली. भरपूर.

हिराबाई : शहापूरला पंचवीस गुणांनी हरवायचे आणि ते भज्यांवर भागवायचे, हे मला मान्य नाही. उद्या सकाळी सारा संघ आपल्या घरी जेवेल. पूजाच्या आईला मी सांगून ठेवले आहे.

दामू : आता कसं बोल्लात. बाई, बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं झालं दोन हजार साली. पाच वर्सं झाली. दर साली शहापूरच्या पोरी यष्टीतनं उतरायच्या, आपल्याला धुवायच्या, नि रसवंतीवर रस पिऊन परत जायच्या. येका साली तर आपले नऊ पॉइंट झालेले. अख्ख्या सामन्यात नऊ. आज त्यांनी रस पन नाय प्यायला.

हिराबाई : ती बारकी विलक्षण खेळली. कोणाची मुलगी?

दामू : डोळखांबच्या वरल्या पाड्यातली. म्हंजे तालुका बघाल तर शहापूरचीच. आपल्याकडं मुरबाडला वसतिगृहात र्‍हाते, म्हनून आपली. शहापूरवाले तिला बोलत व्हते, तू आमची का त्यांची? ती बोल्ली, भात कुठं खाते ते बघा.

हिराबाई : उत्तर चोख दिले.

दामू : सव्वीस पॉइंट तिचे येकटीचे. ही बघा, आपली पूजा आली. ये गो, बाय. तुझ्या आजीला सांगत व्हतो... तोंड का उतरलं तुझं? भजी संपली काय?

पूजा : दामूकाका, तुम्ही जीप लावून ठेवा. परत स्टँडवर जायला लागेल. आजी, मला हेडसरांनी पाठवलंय. शहापूरच्या संघाच्या गिरजा मॅडमनी हरकत घेतलीय. लेखी.

हिराबाई : कशावर?

पूजा : तुझ्यावर.

हिराबाई : नीट बस. दम घे. आता सांग.

पूजा : तू मैदानात आलीस तेव्हा आपण चाळीस होतो, त्या सत्तावीस. त्याच्या जरा आधी त्यांनी लागोपाठ आठ गुण केले होते. त्यांचा हात बसला होता, आजी, ते मलाही दिसत होतं. मग तू अकरा मिनिटं खेळ थांबवलास. त्या थंड पडल्या. नंतर त्यांना दोनच गुण मिळाले. मॅडमचं म्हणणं, प्रेक्षकामुळे सामना बिघडला.

हिराबाई : अकरा मिनिटे मी बोलतच नव्हते. त्यांतील निम्मा वेळ मी पंचांचे उत्तर ऐकत होते आणि ते उत्तर असमाधानकारक होते.

दामू : पूजा, चूक बाईंची येकटीची नाय. मीच पयला ओरडलो. तुझा पाचवा फाऊल झाला, तुला भायेर बसवली. लगीच बारकीनं त्या लांबच्या रेघेवरनं बॉल टाकला, तीन पॉइंट. आता कबड्डीत कसं, आपन समोरचा मारला का आपला बसलेला गडी उठतो. मी बोल्लो, पूजा उठली. मग सगळं मैदान बोल्लं, पूजा उठली, पूजाला आत घ्या. हेडसर पन बोल्ले.

पूजा : हेडसरांना मी बघितलं. दोन्ही हात वर करून नाचत होते. दामूकाका, बास्केटबॉलमध्ये कोणी उठत नाही. पाच फाऊल झाले की त्या सामन्यापुरतं संपलं.

हिराबाई : हेच मी पंचांना विचारले. मी चाळीस वर्षे कबड्डी पाहिली. तुझे आजोबा डाव्या कोपऱ्यात खेळत. बसलेल्या गड्याला त्याच्या सोबत्याने उठवायचे असते, म्हणून तर सात जण एकत्र खेळतात. बारकीच्या पराक्रमाने जर तुला उठता येत नसेल, तर हा खेळ पाच जणींनी मिळून का खेळायचा?

दामू : तवा तो पंच बोल्ला, आजी, बसून घ्या, नायतर तुमालाच फाऊल देईन.

हिराबाई : मी म्हटले, खुशाल द्या. माझे पाचही शिल्लक आहेत.

पूजा : आजी, हसू नका दोघं. आणि जाता जाता तू त्यांच्या कॅप्टनला बुटाची नाडी बांधायला लावलीस.

हिराबाई : सुटलेली होती. तोंडावर पडली असती ती मुलगी.

पूजा : मॅडमनी तेही लिहिलंय. मुद्दा क्रमांक तीन.

हिराबाई : बरे. मग आयोजकांनी काय ठरवले?

पूजा : दोनच गोष्टी. एक तर सामना परत घ्यायचा, त्यांच्या मैदानावर. नाहीतर जी व्यक्ती आत आली तिने स्वतः माफीचं पत्र द्यायचं. पत्र मिळालं तर मॅडम हरकत मागे घेतील. त्यांची एसटी सहाला सुटते, पत्र त्याच्या आधी पोचायला पाहिजे. आता पाच वाजून गेले.

हिराबाई : यात विचार करण्यासारखे काय आहे? पुन्हा खेळा. पुन्हा जिंका.

पूजा : सामना पौष पौर्णिमेला ठेवतायत.

दामू : म्हशाच्या जत्रेच्या दिवशी? मग मुरबाडमधनं कुत्रं पन येनार नाय. मी सोता नाय येनार, पूजा, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी जीपला श्वास घ्यायला टाइम नसतो.

पूजा : माणसं नाही आली तर चालेल. बारकी नसेल. तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. धाकटा भाऊ आजारी आहे, त्याला सांभाळायला ही उद्या दुपारी निघतेय. सरांच्या पाया पडून या सामन्यापुरती थांबली होती. ठाण्याचे सामने फेब्रुवारीत, तोवर परत येते म्हणाली. पण पौर्णिमेला ती नाही. आणि ती नाही तर आपण हरतो, आजी. मग ठाणं पण नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा जिंकलोय.

हिराबाई : तिला हे ठाऊक आहे?

पूजा : कोणी सांगितलं नाही. ती भजी बांधून घेत होती, भावासाठी.

दामू : बाई, माझं नाव लिवा. मीच शिरलो बोला. मी सही करतो.

हिराबाई : शंभर माणसांनी पाहिले आहे, दामू. लुगडे नेसून काठी टेकत तू शिरलास, असे कोणाला सांगणार?

पूजा : आजी, रागावू नकोस. मी पत्र लिहूनच आणलंय. तुझ्या नावाने. तुला हातही लावायला नको. सही मी करते, मला तुझी सही येते.

हिराबाई : माझी सही तुला येते?

पूजा : प्रगतिपुस्तकावर. एकदाच. सातवीत. गणित.

हिराबाई : त्याविषयी आपण स्वतंत्रपणे बोलू. दे ते पत्र इकडे. 'वयोमानामुळे व प्रकृती ठीक नसल्याने माझ्या हातून...' माझी प्रकृती उत्तम आहे. 'गर्दीच्या रेट्यामुळे मी आत ढकलली गेले...' मला कोणी ढकलले नाही. मला ढकलणारा अजून जन्माला यायचा आहे. पूजा, हे पत्र खोटे आहे.

पूजा : खरं तू लिहिणार नाहीस म्हणून खोटं लिहिलं.

दामू : बाई, पोरीचं ऐका. आमाला तुमी शाळेत माफीच्या चिठ्ठ्या लिवायला लावल्यात, आमी काय मेलो नाय. मी येकट्यानं अकरा लिवल्या.

हिराबाई : चौदा. छत्तीस वर्षे शिकवले मी. ज्याने केले त्याने आपल्या हाताने लिहायचे आणि जसे घडले तसे लिहायचे, एवढेच माझे म्हणणे असे.

पूजा : आणि तू? तू कधी लिहिलीस?

हिराबाई : नाही.

पूजा : एकदाही?

हिराबाई : मला तशी कोणी सांगितली नाही. सांगण्याची कोणाची छाती नव्हती, असेही म्हण.

पूजा : मग आज मी सांगते. माझ्यासाठी नाही, बारकीसाठी लिही म्हणून सांगते. तीन वर्षं मी खेळते. तू एकदाही आली नाहीस. अर्ध्या चड्डीत मुली उड्या मारतात ते मला बघवणार नाही, असं बाबांना म्हणालीस. आज आलीस, मला केवढं बरं वाटलं. पहिल्या रांगेत काठी दिसली तेव्हाच वाटलं, आज जिंकणार. आणि आता ते सगळं... आजी, शंभर माणसं ओरडली. जागेवरून उठलीस तू एकटी. का उठलीस?

हिराबाई : तू तोंडावर टॉवेल घेऊन बसली होतीस.

पूजा : घाम पुसत होते.

हिराबाई : मला तसे दिसले नाही. खांदे हलत होते.

पूजा : ...थोडी रडत होते.

हिराबाई : तर मग. दामू, आत कपाटावर माझे पेन आहे. शाईचे. आणि रेघांचा कागद आण, हा वहीचा फाटका नको.

(हिराबाई लिहितात. जीपमधला आरडाओरडा दामू बाहेर जाऊन थांबवतो.)

हिराबाई : पूजा, वाच. मोठ्याने. दामूलाही कळू दे.

पूजा : 'सौ. गिरजाबाई यांस नमस्कार. आज सामना चालू असताना मी मैदानात आले व खेळ अकरा मिनिटे खोळंबला. मला या खेळाचा नियम ठाऊक नव्हता आणि ठाऊक नसताना मी पंचांशी वाद घातला. माझी नात खाली बसलेली मला पाहवली नाही. तुमच्याही मुली कोणाच्या नाती आहेत, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. त्याबद्दल मी तुमची व त्यांची क्षमा मागते. नाडीबद्दल मागत नाही.' आजी, शेवटचं वाक्य...

हिराबाई : ते राहील.

दामू : राहू दे गो. नायतर पत्र बाईंचं वाटनार नाय. द्या इकडं. वीस मिनिटं हायत, मी सीधा स्टँडवर.

हिराबाई : खिडकीतून भिरकावायचे नाही. गाडीत चढून त्यांच्या हातात द्यायचे आणि त्या वाचेपर्यंत उभे राहायचे. संक्रांतीचे लाडू उरले आहेत, तो डबा घे. पहिला त्यांच्या कॅप्टनला. आणि त्या चौदा जणांना सांग, स्टँडवर कोणी 'चोपन्न-एकोणतीस' म्हणायचे नाही.

दामू : आनि यष्टी सुटल्यावर?

हिराबाई : एसटी सुटल्यावर हवे तितके म्हणा.

दामू : निघतो, बाई. पूजा, तोंड धू आता.

पूजा : ...आजी.

हिराबाई : काय?

पूजा : ठाण्याला येशील? फेब्रुवारीत. काठी घेऊन आलीस तरी चालेल.

हिराबाई : तेथे पुन्हा कोणी तुला बसवले तर?

पूजा : तर मी बसेन. आणि तूही बसायचं.

हिराबाई : ते मला अवघड जाईल. ती खुर्ची जवळ ओढ. अशी. आता पहिल्या नियमापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.