चावी फिरवलीत का?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले सर्वांचे चावीकाका, त्यांना इतकी वर्षं सहन करणाऱ्या काकू, गॅरेज संघटनेचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी शिवणकाम करणारी बाई. माझं दुकान काकांच्या गॅरेजला खेटून, मध्ये एकच पातळ भिंत. त्या भिंतीच्या कृपेने मी अर्धी मेकॅनिक झाले आहे, हे अध्यक्षांनी हसण्यावारी नेऊ नये.

जोराचा पाऊस झाला की पाण्यात बंद पडलेल्या गाड्या ओढत काकांच्या दारात येतात. काका बॉनेट उघडत नाहीत. आधी मालकाला उभं करतात.

“चावी फिरवलीत का?”

“छे हो!”

“खरं सांगा.”

“म्हणजे... एकदाच.”

झालं! मग काकांचा पट्टा सुरू. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की आतला दांडा वाकतो, कळत नाही? आधी बॅटरीची तार काढायची. एअर फिल्टर ओला आहे का बघायचं. ओला असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर उडू द्यायचं. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं तर सगळं ऑईल बदलायचं. ब्रेकचं नंतर. आणि शेवटी खिळ्यावर टांगलेल्या वाकड्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणायचं, “हे बघा. एका दीडशहाण्याने पाण्यात चावी फिरवली होती.”

मंडळी, तो दीडशहाणा कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे का? काका, असे डोळे वटारू नका. गॅरेज चालवतोय तोवर बोलायचं नाही, असा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतला होता. आज दुपारी तुम्ही किल्ल्या पुतणीच्या हातात दिल्या. आता मी मोकळी.

काही वर्षांमागे असाच जोराचा पाऊस झाला, त्या दिवशी आमचे हे दुकानात डबा घेऊन आले आणि छातीला हात लावून खालीच बसले. घामाने सदरा भिजलेला, तोंडातून शब्द फुटेना. ॲम्ब्युलन्स रेल्वेच्या पुलापलीकडे अडकलेली, हॉस्पिटलही पलीकडेच, आणि पुलाखालच्या रस्त्यावर हे एवढं पाणी. मी वेड्यासारखी रस्त्यावर धावले. काकांनी विचारलं नाही, सांगितलं नाही, आपली गाडी काढली. भंगारातून आणून, एकेक भाग जोडून त्यांनी ती काकूंसाठी उभी केली होती. काकू त्या गाडीत पुरत्या गावभर फिरल्याही नव्हत्या हो!

पुलाखाली मधोमध गाडी बंद पडली. पाणी दाराला लागलेलं. माझ्या मांडीवर ह्यांचं डोकं. भिंतीपलीकडून ऐकून मलाही माहीत होतं की आता चावी फिरवायची नसते. तरी मी ह्यांची छाती चोळत राहिले. काकांनी आरशातून एकदा मागे बघितलं.

आणि फिरवली.

खडाड असा आवाज झाला. पण गाडी हलली! रडत, खडखडत चढ चढली, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे बंद पडली ती कायमची. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

पुढच्या आठवड्यात मी रडत माफी मागायला गेले. काका इंजिन खोलून बसले होते. म्हणाले, “इंजिन दुसरं मिळतं हो, ताई. तुम्ही आधी त्यांची पथ्यं सांभाळा.” आणि तो वाकलेला दांडा खिळ्याला टांगला. काकूंनी त्या गाडीबद्दल आजतागायत एका शब्दाने मला टोचलं नाही. काकू, तुमचे उपकार तर मी कुठे मोजू?

नव्या मालकीणबाई, तुम्हाला एकच विनंती. भिंतीला रंग द्या, पाटी बदला, पण तो खिळा काढू नका. गिऱ्हाइकांना काकांसारखंच रागवा. फक्त तो दांडा वाकवणाऱ्याला दीडशहाणा म्हणू नका. कुणी विचारलंच तर शेजारच्या दुकानात पाठवा, मी सांगेन कोण होता तो.

संघटनेने मला बोलायला बोलावलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुठे जीभ सैल सुटली असेल, तर पोटात घाला. गुपित फोडल्याबद्दल काकांनीही.

आणि अहो, तिसऱ्या रांगेत बसलात ते, डोळे पुसून झाले असतील तर या वर. काकांना पुष्पगुच्छ तुमच्या हातून द्यायचा आहे.